मराठीत शिक्षा म्हणजे मार आणि हिंदीत शिक्षा म्हणजे अभ्यास, असं का?

रावेर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचं माहेर बऱ्हाणपूरचं, सासर इकडचं. शाळेच्या भिंतीवर 'समग्र शिक्षा' असं मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे. ते वाचून एका मुलाच्या आजीने विचारलं, "सगळ्यांनाच शिक्षा? पोरांनी असं केलं तरी काय?" ताईंना जाणून घ्यायचं आहे की या शब्दाचा मूळ अर्थ कोणता, मराठीने तो बिघडवला का, आणि शिक्षा, सजा, दंड, शास्ती, तुरुंग अशी ही सगळी मंडळी मराठीत आली कुठून.

जळगाव-भुसावळकडच्या न्यायालयांत हिंदी, गुजराती आणि इंग्रजी कागदांची मराठी भाषांतरं करण्यात माझी हयात गेली. हा गोंधळ मी रोज हाताळला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आजीबाईंच्या शंकेचं उत्तर. 'समग्र शिक्षा' हे केंद्राच्या योजनेचं नाव आहे. २०१८ साली सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शाळांची योजना आणि शिक्षक-प्रशिक्षणाची योजना एकत्र करून ती सुरू झाली. नाव हिंदी आहे आणि विशेषनाम म्हणून तसंच्या तसं भिंतीवर आलं. पालकांना चिठ्ठी पाठवताना तुम्ही 'समग्र शिक्षा योजनेतून' असं लिहा. 'योजना' शब्द जोडला की मराठी वाचणारा दचकत नाही. आजी मात्र अजिबात चुकल्या नाहीत. मराठीत त्या शब्दाचा अर्थ त्यांनी लावला तोच आहे.

आता मूळ. शिक्षा हा शब्द संस्कृतातल्या 'शक्' धातूपासून आला. शक्ती, शक्य, शकणे यांचा तोच धातू. एखादी गोष्ट करण्याची इच्छा दाखवायची असेल तर संस्कृतात धातूचं वेगळं रूप होतं: पिण्याची इच्छा ती पिपासा, जाणून घेण्याची इच्छा ती जिज्ञासा. तसंच 'शक्'चं इच्छेचं रूप 'शिक्ष्'. म्हणजे शिक्षा या शब्दाच्या पोटात 'मला हे जमावं' अशी इच्छा आहे. पाणिनीय धातुपाठात 'शिक्ष्' हा वेगळा धातू धरून त्याचा अर्थ 'विद्योपादाने' असा दिला आहे, म्हणजे विद्या मिळवणे. मिळवणे हा शब्द नीट लक्षात ठेवा, ताई. शिक्षा ही मुळात शिकणाऱ्याने स्वतः करायची गोष्ट होती.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात पावसाळ्यातल्या बेडकांचं एक सूक्त आहे. त्यात म्हटलंय की एक बेडूक दुसऱ्याचं बोलणं तसंच्या तसं उचलतो, शिकणारा शिकवणाऱ्याचं उचलतो तसं. तिथे शिकणाऱ्याला 'शिक्षमाण' आणि शिकवणाऱ्याला 'शाक्त' असा शब्द आहे. दोन्ही एकाच 'शक्' धातूचे. ज्याला येतं तो शाक्त, ज्याला यावंसं वाटतं तो शिक्षमाण. या शब्दाच्या पूर्वायुष्याचा याहून सुंदर पुरावा मला माहीत नाही. पुढे वेदांचे उच्चार शिकवणाऱ्या शास्त्राचं नावच शिक्षा पडलं. सहा वेदांगांतलं ते एक. तैत्तिरीय उपनिषदाचा पहिला भाग शीक्षावल्ली, तोही वर्ण, स्वर, मात्रा अशा उच्चाराच्या गोष्टींपासून सुरू होतो.

पालीत याच शब्दाचं 'सिक्खा' झालं. भुसावळ, जळगाव, धुळे, कुठल्याही बुद्धविहारात पंचशील म्हणतात तेव्हा 'पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि' हे शब्द कानावर पडतात. प्राणिहत्येपासून दूर राहण्याचा नियम मी स्वीकारतो, असा त्याचा अर्थ. यातलं 'समादियामि' पाहा: मी घेतो, मी अंगीकारतो. घेणारा स्वतः बोलतोय. शिक्षेचा हा जुना, घेण्याचा अर्थ आपल्या गावागावांत आजही रोज म्हटला जातो. आपल्या रोजच्या 'शिकणे' या क्रियापदातही तोच जिवंत आहे, कारण शिक्षति, प्राकृतात सिक्खइ, आणि मराठीत शिकणे असा त्याचा सरळ प्रवास आहे. हिंदीतली 'सीख' त्याच वाटेची.

मग मार कुठून शिरला? क्रियापदं बघितली की वाट दिसते. हिंदीत शिक्षा लेते हैं, पाते हैं. मराठीत शिक्षा करतात, देतात, होते, भोगतात. 'घेतली' असं सहसा कुणी म्हणत नाही. शिकणाऱ्याच्या हातातली गोष्ट शिकवणाऱ्याच्या हातात गेली आणि मग कोणत्याही वरचढ माणसाच्या हातात. पंतोजींच्या शाळेत शिकवणं आणि बडवणं वेगळं नव्हतं. पाढा चुकला की छडी, अक्षर बिघडलं की अंगठे धरून उभं करणं. एकच माणूस, एकच जागा, एकच वेळ. दोन गोष्टी इतक्या चिकटून राहिल्या की शब्द एकीवरून दुसरीवर सरकतो, भाषेत हे नेहमी घडतं.

आता खानदेशाची जागा बघा. आपण नेमके या शब्दाच्या सीमेवर बसलो आहोत. रावेर ओलांडून बऱ्हाणपूर-खंडव्याकडे गेलं की शिक्षा म्हणजे शिक्षण. तिथून बंगाल, ओडिशा, नेपाळपर्यंत तेच. इकडे मराठीत शिक्षा म्हणजे दंडन, आणि खाली कन्नडमध्ये 'शिक्षे', तेलुगू आणि मल्याळममध्येही 'शिक्षा', सगळीकडे दंडनच. नवापूर ओलांडून गुजरातेत गेलं तर तिथेही शिक्षा म्हणजे सजा आणि अभ्यासाला शिक्षण किंवा केळवणी. म्हणजे मराठी यात एकटी नाही. मराठीने अर्थ बिघडवला असं म्हणायचं तर पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या एवढ्या भाषांनी मिळून तो बिघडवला असं म्हणावं लागेल. आणि ज्या भाषांनी तो 'जपला' त्यांच्यातही मार डोकावतोच. बंगालीत 'उचित शिक्षा' दिली म्हणजे चांगली अद्दल घडवली. हिंदीत 'सबक सिखाना' आहे, मराठीत 'धडा शिकवणे' आहे. 'थांब, शिकवतोच तुला' हे वाक्य ऐकून कुणी पाटी-पेन्सिल घेऊन बसत नाही.

हा शब्द समुद्र ओलांडूनही गेला. थाई भाषेत त्याच्यापासून अभ्यासाचा शब्द झाला, 'सुक्सा', आणि तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या नावात तो आहे. इंडोनेशियात मात्र 'सिक्सा' म्हणजे छळ, यातना. एकाच घरातून निघालेला शब्द एका देशात शाळेत गेला, दुसऱ्या देशात छळछावणीत.

हा शब्द जिथे पोहोचलाच नाही अशा ठिकाणीही हेच झालेलं दिसतं, आणि मला या साऱ्यात ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. प्राचीन ग्रीकमध्ये 'पाइदेउओ' म्हणजे मुलाला शिकवणे, घडवणे. बायबलच्या ग्रीक पाठात रोमन सुभेदार पिलात येशूबद्दल म्हणतो की मी याला शासन करून सोडून देतो, तिथे हेच क्रियापद आहे. आजच्या ग्रीकमध्ये त्याचा अर्थ छळणे असा झाला आणि शिकवण्यासाठी त्याला उपसर्ग लावून वेगळा शब्द करावा लागला. आपण शिक्षा सोडून शिक्षण घेतलं, अगदी तसंच. लॅटिनमध्ये 'दिसिपुलुस' म्हणजे शिष्य, त्याचं शिकणं ती 'दिसिप्लिना'. त्यावरून इंग्रजीत डिसिप्लिन आलं, आणि मठांतले संन्यासी स्वतःला मारून घेत त्या चाबकालाही डिसिप्लिन म्हणू लागले. अरबीत 'अदब' म्हणजे रीतभात. आपणही अदब, बेअदबी म्हणतो. त्याच धातूपासून 'तादीब', म्हणजे वळण लावणे आणि ताडन करणे, दोन्ही. हिब्रूत 'मुसार' म्हणजे शिकवण आणि ताडन, तिथेही तीच कथा. जगभर मुलांना मारून शिकवलं गेलं आणि ते जगभरच्या कोशांत उमटलं.

अलीकडे एक मजकूर मोबाइलवर फिरतो: 'आपल्या पूर्वजांनी दंडनालाच शिक्षा म्हटलं, कारण आपल्याकडे गुन्हेगाराला सुधारणं हाच हेतू होता.' ऐकायला गोड आहे, पण शब्दाचा इतिहास तसं सांगत नाही. शिक्षा हा शब्द दंडनाकडे गेला तो सुधारणेच्या विचारातून नव्हे, छडीच्या वापरातून. काही जण पुरावा म्हणून धुळ्याचा तुरुंग पुढे करतात. १९३२ साली तिथे शिक्षा भोगत असलेले विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलले आणि अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ते उतरून घेतलं, हे खरंच आहे आणि खानदेशाला त्याचा अभिमान आहे. पण त्या कैद्यांना शिकवलं विनोबांनी. सरकारने ठोठावलेल्या शिक्षेने त्यांना काही शिकवलं नाही. 'शिक्षा म्हणजे शिक्षणच' हा युक्तिवाद मुलावर हात उगारणाऱ्याच्या फार सोयीचा आहे, म्हणून मी तो कुठेही खपवून घेत नाही. ज्या कायद्याला हिंदीत 'शिक्षा का अधिकार' म्हणतात त्या २००९च्या कायद्याच्या कलम १७ने मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई केली आहे. ताई, तुमच्या वर्गात हे दोन्ही अर्थ भेटतात तिथे कायदा कुठल्या बाजूला उभा आहे, ते त्या कलमात स्वच्छ लिहिलं आहे.

आता सजा. हा फारसी. फारसीत 'सजा' म्हणजे जे शोभतं, जे लायक आहे ते. 'सजावार' म्हणजे पात्र, योग्य. चांगल्या कामाचं योग्य फळ तीही मुळात सजाच. पुढे वाईट कामाचं तेवढं उरलं. गंमत वाटावी अशी गोष्ट अशी की कौटिल्याने अर्थशास्त्रात राजाला हाच निकष दिला आहे: फार कडक दंड करणाऱ्याला लोक भितात, फार सौम्य असला तर त्याला जुमानत नाहीत, 'यथार्हदण्ड' राजाला मान मिळतो. यथार्ह म्हणजे जो जेवढ्याला लायक, त्याला तेवढा. फारसी सजा आणि संस्कृत यथार्ह, दोघांचा मोजायचा काटा एकच.

खानदेशात फारसी शब्द फार खोलवर रुजले, कारण बऱ्हाणपूर फारुकी सुलतानांचं आणि १६०१ला असीरगड पडल्यावर मोगलांच्या खानदेश सुभ्याचं ठाणं होतं. गुन्हा, कैद, सजा, जुर्माना, सगळा दरबारी माल. गुन्हा फारसी. कैद अरबी, मूळ अर्थ पायातलं बंधन. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ वहीत नोंद बांधणे, म्हणून तुर्कीत 'कायित' म्हणजे नावनोंदणी. जुर्माना म्हणजे जुर्माबद्दलचे, म्हणजे गुन्ह्याबद्दलचे पैसे. मराठ्यांच्या दफ्तरांत 'गुन्हेगारी' हा शब्द भेटतो तेव्हा नव्या अभ्यासकाची दिशाभूल होते. तिथे गुन्हेगारी म्हणजे वसूल केलेली रक्कम. दावा जिंकणाऱ्याने सरकारात भरायची ती 'हरकी', हरणाऱ्याने भरायची ती 'गुन्हेगारी'. आज आपण 'शहरात गुन्हेगारी वाढली' म्हणतो ते पेशवाईतल्या कारकुनाने ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, सरकारचं उत्पन्न वाढलं.

तुरुंगाचं मूळ अनेकांना चकित करतं. तो पोर्तुगीज 'त्रोंको'वरून आला. त्रोंको म्हणजे झाडाचं खोड. ओंडक्याला भोकं पाडून त्यात कैद्याचे पाय अडकवत, म्हणून त्या साधनाला त्रोंको म्हणत, आणि मग ते साधन जिथे असे त्या कोठडीलाही. आपल्याकडे त्याच साधनाला खोडा म्हणत. खोड आणि खोडा यांचं नातं कानालाच कळतं. गोव्याचा पोर्तुगीज आणि आपला मराठी माणूस एकमेकांना न विचारता एकाच वाटेने गेले. खोडा वस्तू म्हणून गेला, 'कामात खोडा घातला' म्हणताना तेवढा उरला. पोर्तुगीजांचा त्रोंको मलायापर्यंत गेला, तिथेही त्याचा तुरुंगच झाला.

शास्तीबद्दल थोडक्यात. घरपट्टी थकली की नगरपालिकेच्या बिलावर दरमहा २ टक्के शास्ती लागते ती हीच. लोक तिला व्याज किंवा पेनल्टी म्हणतात. धातू 'शास्'. शासन, शास्त्र, अनुशासन आणि शिष्यसुद्धा याच धातूचे. शिष्य आणि शिक्षा दिसायला भावंडं, पण धातू वेगवेगळे: शिष्य हा 'शास्'चा, शिक्षा 'शक्'ची. राज्य करणे, शिकवणे आणि ताडन करणे हे तिन्ही अर्थ 'शास्'मध्ये मात्र पहिल्यापासून एकत्र आहेत.

राहिला दंड. सीमेवरच्या लोकांना खरा त्रास याच शब्दाचा होतो. दंड म्हणजे काठी. दांडा, दांडी, दंडुका, काठीसारखं आडवं पडून घातलेला दंडवत, तालमीतल्या दंड-बैठका, खांद्याखालचा दंड, सगळी त्याचीच पिल्लं. राजाच्या हातातली काठी म्हणून राजाचा अधिकार म्हणजे दंड, आणि त्या अधिकाराने जे काही केलं तेही दंड. मनुस्मृतीत दंडाचे चार प्रकार सांगितले आहेत: समज देणे तो वाग्दंड, धिक्कार करणे तो धिग्दंड, पैसे घेणे तो धनदंड, आणि शरीराला इजा करणे किंवा जीव घेणे तो वधदंड. बोलीतल्या मराठीने या चारांतला तिसरा तेवढा ठेवला. सुटा 'दंड' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पावती येते. मृत्युदंड, देहदंड अशा जोडशब्दांत आणि 'भारतीय दंड संहिता' या जुन्या नावात तेवढा मोठा अर्थ उरला. इंडोनेशियातला 'देंदा'ही दंडच, आणि तोही पैशांचा. तमिळ 'तंडनै' मात्र कुठलंही दंडन, आणि थाई भाषेत तुरुंगाच्या सरकारी नावात दंड आणि स्थान हेच दोन शब्द आहेत.

हिंदीने दंड पूर्ण ठेवला. मध्य प्रदेशातल्या निकालात वाक्य असं येतं: 'अभियुक्त को एक वर्ष के सश्रम कारावास एवं एक हजार रुपये के अर्थदण्ड से दण्डित किया जाता है. अर्थदण्ड के व्यतिक्रम में एक माह का अतिरिक्त कारावास भुगताया जाए.' घाईत वाचणारा मराठी माणूस 'दंडित' पाहतो, 'हजार रुपये' पाहतो आणि सांगतो, दंड भरून सुटला. पण इथे 'दंडित' म्हणजे शिक्षा ठोठावली. 'अर्थदंड' म्हणजे आपला दंड. 'सश्रम कारावास' म्हणजे सक्तमजुरी. 'व्यतिक्रम' हा शब्द मराठी वाचकाला अडवतो, त्याचा अर्थ एवढाच की दंड न भरल्यास. वरच्या बाजूला 'दण्डादेश' असं शीर्षक असतं, त्याला मराठीत शिक्षादेश म्हणतात. मराठी भाषांतर असं होतं: 'आरोपीस एक वर्ष सक्तमजुरी व एक हजार रुपये दंड अशी शिक्षा देण्यात येत आहे. दंड न भरल्यास आणखी एक महिना कैद.' मूळ हिंदीतल्या दोन्ही 'दंडां'ना इथे दोन वेगळे मराठी शब्द लागले, तिथेच नवा भाषांतरकार अडखळतो.

हा फरक कागदापुरता नाही. आधीची शिक्षा कैदेची होती की नुसत्या दंडाची, यावर पुढच्या खटल्यात जामिनाचा विचार बदलू शकतो, नोकरीच्या अर्जातल्या रकान्यात काय लिहायचं ते बदलतं. उलट दिशेनेही तीच अडचण. 'आरोपीला शिक्षा झाली' हे मराठी वाक्य हिंदीत तसंच ठेवलं तर बऱ्हाणपूरचा वाचक समजेल की माणूस कुठे शिकून आला. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिने शिक्षेच्या प्रकारांत सामुदायिक सेवा हा नवा प्रकार घातला. आता हिंदी आदेशात 'सामुदायिक सेवा के दण्ड से दण्डित' अशी रचना आली तर त्यात एक रुपयाही नाही आणि एक दिवसाची कैदही नाही, हे मराठीत उतरवताना 'दंड' शब्द मुळीच वापरू नये.

तुमच्या माहेरकडचा असा कागद कुणी वाचायला आणला, ताई, तर 'दण्ड' शब्दावर थांबू नका. त्याच्या आगेमागे काय मोजलंय ते पाहा. महिने-वर्षं मोजली असतील तर कैद लिहा, रुपये मोजले असतील तर दंड लिहा, दोन्ही असतील तर दोन्ही वेगवेगळं लिहा. आणि काहीच मोजलेलं नसेल, नुसतं 'दण्डनीय' असेल, तर तिथे अजून कुणाला काही झालेलं नाही; ते कृत्य शिक्षेस पात्र आहे, इतकंच त्या कलमाचं म्हणणं आहे.